मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडी ऑटोमॅटिक वॉशिंगला कशी न्यायची?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात टिळकवाडीला राहतो. परवा जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटानं गोव्याला जाऊन आलो आणि तांबडा चिखल दारांच्या फटीपर्यंत जाऊन बसला. बादली-फडक्यानं निघता निघेना, म्हणून इलेक्ट्रिक गाडी ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशिंगला नेली.

गाडी पुढं सरकवणाऱ्या पट्ट्यावर चढवून न्यूट्रलला टाकली. वॉशिंगवाला पोरगा म्हणाला, "काका, उतरा." सीटबेल्ट सोडून दार उघडलं आणि गाडीनं आपोआप पार्क लावून घेतलं! मागून पट्टा ढकलतोय आणि चाकं जाम. कर्र असा आवाज आला, पोरानं पटकन लाल बटण दाबलं म्हणून निभावलं. त्या आवाजानं अजून पोटात गोळा येतो.

साध्या पाण्याची भीती नाही. आमची बॅटरी आयपी ६७ आहे, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरते. पण ती चाचणी साचलेल्या पाण्याची, जोराच्या फवाऱ्याची नव्हे. त्यामुळं चार्जिंगच्या झाकणाची काळजी वाटते. ते दाबलं की उघडतं. गाडी लॉक असली तरी ब्रशच्या दाबानं उघडेल का?

ऑटो होल्ड (गाडी थांबली की ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) आणि पावसाचे आपोआप चालणारे वायपर मी आधीच बंद केले होते. बेल्ट लावून आतच बसलं तर न्यूट्रल टिकतो का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा. आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडं गाडी जागेवर उभी ठेवून मशीनच फिरतं असं वॉशिंग कुठं आहे का?