दारू सोडून चौथा दिवस, झोप नाही, छातीत धडधड. काय करावं?

रानवाट: मावसभाऊ, वय ४१, पुण्यात एकटाच राहतो. कित्येक वर्षं रोज दोन क्वार्टर. रविवारी मनानेच बंद केली. हात थरथरतात, झोप नाही, कालपासून भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो. मुळात घाबरट स्वभावाचा, म्हणून हे दारूचं की मनाचं कळत नाही. मेडिकलमधून झोपेची गोळी देऊ का?

चौथीखोली: गोळी नको, १०८ लावा. कंप, घाम शेवटच्या पेगनंतर ६ ते १२ तासांत सुरू होतात. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप, बरळणं सुरू झालं तर जिवावर बेतू शकतं. रोजच्या दारूने मेंदू दबलेला असतो, ती अचानक थांबली की तो उसळतो. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: शेवटची कधी प्यायला, रोज किती, आधी फिट आली होती का. ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन दिलंय ना, हेही विचारा. बी-१ कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. झोपेच्या गोळीचा डोस नाडी, कंप आणि लिव्हर बघून ठरतो आणि काही दिवसांत उतरवत बंद करतात. अंदाजाने दिली तर उद्या तिचीच सवय.

रानवाट: ॲडमिट केलंय. घरी आल्यावर काय? मावशी म्हणते, दारू सुटायची पावडर आमटीत घालू.

सांजवेळ: भीती बरीचशी दारूमुळेच असते. दोन ते चार आठवड्यांत ओसरते. महिन्यानंतरही तशीच राहिली तर वेगळा आजार समजून मानसोपचारतज्ज्ञांकडून उपचार घ्यावेत. तोवर दुपारनंतर चहा-कॉफी बंद, कारण कॅफीनची धडधड आणि भीतीची धडधड सारखीच लागते. पुन्हा पिण्याकडे घसरण बहुधा संध्याकाळी सात ते नऊत, रिकाम्या पोटी, रिकाम्या खोलीत होते. सहाला पोटभर खायला द्या, सातला ए.ए.ची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग. तिथे बोलायची सक्ती नसते, मागच्या खुर्चीत बसून ऐकलं तरी चालतं. घाबरट माणसाला हे आधी सांगा, नाहीतर दारातूनच परत फिरेल. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून दारू सोडवायचंच काम करतंय. रात्री-अपरात्री टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

चौथीखोली: मावशींना आवरा! त्या पावडरीत डायसल्फिराम (दारू प्यायल्यावर रिॲक्शन आणणारं औषध) असेल आणि त्याला न कळता तो प्यायला, तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, लिव्हर तपासूनच देतात. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहतो. तेवढे दिवस आसवं-अरिष्टं आणि अल्कोहोल असलेलं खोकल्याचं सिरपही वर्ज्य.