एदेन बागेत आदामाचं काम काय? 'मशागत', 'सेवा' की आणखी काही?

मावळतीकर:
एका लेखाचा अनुवाद करतेय. लेखकाचं म्हणणं, बायबलच्या पहिल्या पुस्तकातली, म्हणजे उत्पत्तीतली एदेन बाग म्हणजे पहिलं देऊळच. बरेचसे पुरावे मराठीत सहज उतरले. बागेच्या पूर्वेला करूब (पंख असलेले स्वर्गीय रक्षक) पहाऱ्यावर, निवासमंडपाचं, म्हणजे मंदिराआधीच्या देवाच्या तंबूचं तोंडही पूर्वेलाच. हवीला देशातलं सोनं आणि शोहम रत्न पुढे निर्गम या पुस्तकात महायाजकाच्या एफोदावर, म्हणजे सेवेच्या खास वस्त्रावर दिसतात. शलमोनाच्या मंदिराच्या भिंतींवर करूब, खजुरीची झाडं आणि फुलं कोरलेली, म्हणजे बागच. अडलं ते उत्पत्ती २:१५ वर, म्हणजे दुसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनावर. आदामाला बागेत ठेवलं ते कशासाठी? हिब्रूत 'आवाद' आणि 'शामार' ही दोन क्रियापदं आहेत. आपल्या बायबलात 'मशागत व राखण'. पण गणना या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात हीच जोडी लेवींच्या, म्हणजे मंडपाची सेवा करणाऱ्या कुळाच्या, कामासाठी येते, तिथे अर्थ मंडपाची सेवा आणि राखण. 'मशागत' लिहिलं तर आदाम नुसता शेतकरी उरतो, 'सेवा' लिहिलं तर हातातलं फावडं जातं. दोन्ही पोटात घेणारा शब्द सुचवा.

तळकोकण:
'वहिवाट' घ्या की! आमच्याकडे जमिनीची वहिवाट असते आणि देवस्थानाचीही. देवळाचे वहिवाटदार आणि शेताचे वहिवाटदार, शब्द एकच. 'राखण'ला तर हातच लावू नका. आमच्या गावाचा राखणदार म्हणजे देव, वॉचमन नव्हे. रात्री वेशीवर त्याची काठी वाजते म्हणतात. आजोबांनी ऐकलेली, मी नाही.

शंकासुर:
वहिवाट म्हटलं की मला तलाठी आणि सातबारा दिसतो. आदामाला सातबाऱ्यावर चढवू नका, पुढे काइन आणि हाबेलचा वाटपाचा दावा लागेल.
आता गंभीरपणे. 'आवाद' उत्पत्तीत आणखीही येतं. २:५ मध्ये जमीन कसायला माणूस नव्हता, ३:२३ मध्ये बाहेर काढल्यावर आदाम तीच जमीन कसतो, ४:२ मध्ये काइन शेतकरी. या सगळ्या ठिकाणी पुजारी आहे का? मग एका वचनात त्याला सोवळं कशाला नेसवायचं? साधं 'मशागत' ठेवा.

मावळतीकर:
सुटं क्रियापद शेतीचंच आहे, ते लेखकही नाकारत नाही. त्याचा भर जोडीवर आहे. शिवाय ३:८ मध्ये देव बागेत फिरतो, त्या क्रियापदाचं तेच रूप २ शमुवेल ७ मध्ये देव तंबूतून फिरत राहिला असं सांगताना येतं. ही सांगड बायबल-अभ्यासक गॉर्डन वेनहम यांनी १९८६ च्या निबंधात घातली, पण कल्पना त्याहून कितीतरी जुनी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या योबेल या ज्यू ग्रंथात एदेन बागेला सरळ परमपवित्रस्थान, म्हणजे मंदिराची सर्वात आतली खोली, म्हटलंय.

ओसरी:
मला 'देऊळ' या शब्दाबद्दलच बोलायचंय. हिब्रूत मंदिराला 'हेखाल' म्हणतात. तो अक्कदी 'एकल्लु'वरून, आणि एकल्लु सुमेरी 'ए-गल'वरून, म्हणजे मोठं घर. राजवाडाच. १ राजे २१ मध्ये नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या हेखालाला लागून आहे, तिथे देवाचा काही संबंध नाही. आणि आपलं राऊळ? राजकुल! राजाचं घर ते विठोबाचं घर. वाट अगदी तीच, मधे कुणी कुणाला विचारलेलं नसताना. हेखालाला 'राऊळ'पेक्षा चांगला शब्द जगात नसेल. वापरा.

शंकासुर:
आणि वाचक विचारेल, यरुशलेमात सावंतवाडीचे राऊळ कधी गेले?

ओसरी:
महानुभाव पंथातली गुंडम राऊळ, चांगदेव राऊळ ही नावं ऐकली असतील. राऊळ माणसालाही म्हणत आलोत, म्हणून राजवाडा पडला का?

पानसुपारी:
राऊळ, गाभारा, सभामंडप असे शब्द घुसवलेत की वाचकाच्या डोळ्यांसमोर पंढरपूर उभं राहतं. पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणताना हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. त्या पुराणिकाच्या घरच्या, संस्कृत त्यांना येत नव्हतं म्हणून नाही! शलमोनाच्या मंदिराच्या आतल्या खोलीत, वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच, तिथे मूर्ती नाही. कराराचा कोश, म्हणजे आज्ञांच्या पाट्यांची पेटी आहे आणि करूब आहेत. त्याला गाभारा कसं म्हणणार?

तळकोकण:
उलट फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण ओव्यांत रचलं, ते १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, आणि त्यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. तेही बाटले नाहीत.

उंबरठा:
मूर्ती नाही हे खरं, पण आराखडा शेजाऱ्यांचाच. उत्तर सीरियात ऐन दारा इथे लोहयुगातलं देऊळ सापडलं. शलमोनाच्या मंदिराच्या वर्णनाशी सर्वात जुळणारं म्हणतात. मंडप, मोठी खोली, शेवटी गाभारा (पानसुपारींनी माफ करावं). आणि गंमत, उंबऱ्यांवर जवळपास मीटरभर लांबीची पावलं कोरलेली, आत जाणारी. नाव अरबी आहे, अर्थाचा संबंध नाही, पण ऐन दारा म्हटल्यावर पावलं ऐन दारातच! आपल्याला लक्ष्मीची पावलं आठवणारच. जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानच्या हवाई हल्ल्यात त्याची बरीच नासधूस झाली.

मावळतीकर:
छान माहिती. २:१५ चं काय?

पानसुपारी:
जाता जाता, मराठी बायबलाचं एक कौतुक. नोहाचं ते 'तारू', कराराचा तो 'कोश'. इंग्रजीत दोघांना 'आर्क' म्हणून घोळ घातलाय. हिब्रूत ते 'तेवा' आणि 'आरोन', वेगवेगळेच. पण तेवा मोशेच्या पेटीलाही म्हणतात, नदीकाठी लव्हाळ्यात ठेवली ती. मराठीत तारू आणि पेटी झाल्यावर तो धागा तुटला. म्हणजे एक ठिगळ लावलं तर दुसरीकडे उसवलं.

ओसरी:
आणि 'फासळी'चं बघा. हव्वा जिच्यातून घडवली ती 'त्सेला'. १ राजे ६ मध्ये मंदिराच्या बाजूच्या खोल्यांना तोच शब्द. निर्गमात कोशाच्या बाजूलाही. म्हणजे देव बाई 'घडवत' नाही, 'बांधतो'. क्रियापदही बांधकामाचंच आहे.

शंकासुर:
आता आईच्या पोटात वास्तुशास्त्र शोधा.

तळकोकण:
पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ कुणाला आठवतं? डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेलं ज्यूंचं प्रार्थनाघर. खरं नाव ओहेल दाविद. ओहेल म्हणजे तंबू, बायबलातल्या दर्शनमंडपाच्या हिब्रू नावातलाच. पुणेकरांनी विटांचा रंग पाहिला आणि तंबूचं देऊळ केलं. कुणाची श्रद्धा दुखावली नाही.

उंबरठा:
पण बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, स्वतः मराठी बोलताना प्रार्थनाघराला 'मशीद' म्हणत. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलं त्यावरूनच मस्जिद बंदर हे नाव पडलं असं सांगतात.

पानसुपारी:
मग 'मंदिर' तरी कुठे हिंदू शब्द आहे? संस्कृतात मंदिर म्हणजे साधं घर. हिब्रूतही त्या इमारतीला बहुतेक वेळा 'बाइत' म्हणतात, घरच. विद्यामंदिरात कुणी घंटा वाजवतं का?

ओसरी:
शाळेत वाजते की!

शंकासुर:
मग नाट्यमंदिरातली तिसरी घंटाही मोजा.