मदत हवी आहे: गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीसाठी टीएसएचची (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) स्वतःची रेंज, म्हणजे नॉर्मल मर्यादा, कशी काढावी?

काचपट्टी:
तालुक्याच्या गावातली लॅब. टीएसएच केमिल्युमिनेसन्सवर (प्रकाश मोजणारी पद्धत) होते. बाई गरोदर असली तरी रिपोर्टवर किटमधलीच (तपासणीच्या रसायनांचा संच) ०.२७ ते ४.२ ही रेंज छापली जाते. एक डॉक्टर म्हणतात वरची मर्यादा २.५ करा, दुसरे म्हणतात ४. सॉफ्टवेअरमध्ये ३०० एएनसी (गरोदरपणातल्या तपासणीचे) रिपोर्ट पडून आहेत. ते एक्सेलमध्ये टाकून रेंज काढली तर चालेल का? एफटी४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड संप्रेरक) चीही त्यातूनच काढायची आहे.

सीरमबहाद्दर:
नाही चालणार. त्या ३०० मध्ये थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) घेणाऱ्या आहेत, एकाच बाईचे तीन-तीन रिपोर्ट आहेत, आणि पाचवा आठवडा अकराव्याच्या शेजारी बसलाय. एक्सेलला यातलं काही दिसत नाही.

२.५ चा आकडा अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतला. २०१७ मध्ये त्यांनीच तो मागे घेतला: आधी आपल्या भागातली रेंज वापरा, ती नसेल तर सातव्या ते बाराव्या आठवड्यासाठी नेहमीच्या वरच्या मर्यादेतून ०.५ वजा करा. म्हणजे तुमची ३.७. खालच्या मर्यादेतून ०.४ वजा करायला सांगतात, तुमच्या ०.२७ मधून केलेत तर उणे आकडा येईल! तिथे नियम आंधळेपणाने लावू नका.

टीपीओ_पॉझिटिव्ह:
खरं काम बायका निवडण्याचं आहे, गणित पाच मिनिटांचं.

एचसीजी (गरोदरपणात तयार होणारं संप्रेरक) थायरॉइडला टीएसएचसारखंच ढकलतं, म्हणून टीएसएच खाली येतं. एचसीजीचा कळस साधारण आठव्या ते अकराव्या आठवड्यात. त्याआधी, चौथ्या ते सहाव्यात, टीएसएच जवळपास नेहमीसारखंच असतं. म्हणून ७ ते १२ हाच गट धरा, 'पहिली तिमाही' असा सरसकट नको. आठवडे सोनोग्राफीच्या सीआरएलवरून (गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी). पाळीच्या तारखेवर विसंबू नका.

वगळायच्या: जुळी, अति उलट्या, गलगंड किंवा थायरॉइडचा इतिहास, थायरॉइडवर परिणाम करणारी औषधं, टीपीओ अँटीबॉडी (थायरॉइडविरुद्ध शरीरानेच तयार केलेली) पॉझिटिव्ह. गर्भ टिकावा म्हणून एचसीजीचं इंजेक्शन घेतलेली बाईही वगळा. हे फॉर्मवर मुद्दाम विचारा, आपणहून कोणी सांगत नाही. आयोडीनसाठी थोड्या जणींची लघवी तपासा. गटाचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) १५० ते २४९ मायक्रोग्रॅम प्रति लिटर हवा. एकटीच्या आकड्याला अर्थ नाही.

संमतीपत्र आणि एथिक्स कमिटीची परवानगी आधी.

सीरमबहाद्दर:
गाळून १२० उरल्या पाहिजेत, म्हणून गोळा दीडशेच्या वर करा. सगळं रक्त सकाळच्या ठरावीक वेळेत घ्या, कारण टीएसएच रात्री चढतं. मग आकडे चढत्या क्रमाने लावा: १२० पैकी तिसरा ही खालची मर्यादा, ११८ वा ही वरची. सरासरी अधिक-उणे दोन एसडी (प्रमाण विचलन) करू नका. टीएसएचचा आलेख उजवीकडे ओढलेला असतो, खालची मर्यादा शून्याखाली जाईल.

केसांसाठी बायोटिनच्या (एक ब जीवनसत्त्व) गोळ्या चालू आहेत का, हेही विचारा. स्ट्रेप्टाव्हिडिन-बायोटिन पद्धतीच्या, म्हणजे तपासणीतच बायोटिनची जोडणी वापरणाऱ्या, किटमध्ये टीएसएच खोटं कमी आणि एफटी४ खोटं जास्त दिसतं. थेट हायपरथायरॉइडचं (थायरॉइड जास्त काम करण्याचं) चित्र!

एफटी४ ची रेंज दुसऱ्या मशीनवरून उचलू नका. गरोदरपणात टीबीजी वाढतं, अल्ब्युमिन उतरतं (दोन्ही थायरॉइड संप्रेरक वाहून नेणारी रक्तातली प्रथिनं) आणि प्रत्येक किट त्याला वेगळं वागतं. तीच निवड, तेच किट, वेगळी यादी.

काचपट्टी:
पण महिन्याला जेमतेम १५ नव्या एएनसी येतात. गाळून १२० व्हायला वर्ष जाईल.

टीपीओ_पॉझिटिव्ह:
मग पडताळणी करा. त्याच किटवर, आपल्यासारख्याच बायकांवर काढलेली प्रसिद्ध रेंज घ्या आणि वरच्याच निकषांनी निवडलेल्या २० जणी तपासा. बाहेर २ किंवा कमी गेल्या तर ती रेंज वापरा. ३ किंवा जास्त गेल्या तर नव्या २० जणी. पुन्हा तेच झालं तर ती रेंज तुमच्या कामाची नाही, १२० ला पर्याय नाही. तोवर ३.७ छापा आणि खाली 'गरोदरपण ७ ते १२ आठवडे' असं स्पष्ट लिहा.