नायट्रोजनचा रेणू फुटताना ऊर्जा गणितापेक्षा कमी का भरते?

प्रश्न
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी नायट्रोजन वायूवर वेगवान आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा करून तुकड्यांचा उड्डाणकाळ, म्हणजे डिटेक्टरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ, मोजते आहे. दोन इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर दोन धनभारित अणू १.१ अँगस्ट्रॉमवरून (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) एकमेकांना ढकलतात असे धरले, तर सुमारे १३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळायला हवी. माझ्या आलेखात मात्र शिखर ७ ते ८ च्या आसपास येते. शिवाय वस्तुमान-भार गुणोत्तर (आयनाचे वस्तुमान भागिले त्याचा विद्युतभार) १४ पाशी रुंद टेकाडाच्या मधोमध एक बारीक सुळका दिसतो. मांडणीत काही चुकले आहे का?

उत्तर १
मांडणी ठीक वाटते. तो सुळका न फुटलेल्या, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणूचा आहे, कारण २८ ला २ ने भागले की १४ च येतात. त्याला फुटण्याचा धक्का बसलेला नसतो, म्हणून असे सगळे आयन जवळजवळ एकाच वेळी डिटेक्टरवर पोहोचतात. फुटून निघालेला अणू डिटेक्टरकडे उडाला तर लवकर येतो आणि उलट दिशेला उडाला तर उशिरा, त्यामुळे टेकाड पसरते. एकदा कार्बन मोनॉक्साइड घेऊन पाहा: कार्बन १२ वर, ऑक्सिजन १६ वर आणि अखंड रेणू १४ वर असे तिघे सुटे दिसतील, मात्र निर्वात कक्षात हवा उरलेली नसावी, नाहीतर तिच्यातला नायट्रोजनही १४ वरच दिसेल.

उत्तर २
ऊर्जेबद्दल सांगतो. १३ हा आकडा नुसत्या बिंदुभारांचा आहे, म्हणजे प्रत्येक आयन हा एका बिंदूत एकवटलेला भार मानून काढलेला. नायट्रोजनच्या १४ पैकी १२ इलेक्ट्रॉन अजून तिथेच असतात आणि ते बंध बराचसा टिकवून धरतात, म्हणून प्रतिकर्षण पूर्ण लागू होत नाही. हायड्रोजनमध्ये दोन्ही इलेक्ट्रॉन गेले की मागे फक्त दोन प्रोटॉन राहतात, तिथे ०.७४ अँगस्ट्रॉमवरून येणारे १९.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खरोखरच शिखराजवळ मिळतात, आणि शिखराची रुंदी रेणूच्या मूळ कंपनातून येते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. आयन जवळून जात असतानाच बंध ताणला जाऊन ऊर्जा घटत असेल, हे शक्य आहे का?

उत्तर २
नाही. न्यूक्लिऑनमागे (प्रत्येक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा आयन एक अँगस्ट्रॉम अंतर सुमारे ७ ॲटोसेकंदांत ओलांडतो, तर नायट्रोजनच्या एका कंपनाला १४ फेम्टोसेकंद, म्हणजे १४,००० ॲटोसेकंद, लागतात; तेवढ्यात अणुकेंद्रके जागची हलतही नाहीत. अधिक इलेक्ट्रॉन गमावलेल्या घटना वेगळ्या काढून पाहा, तिथे बंध विरत गेल्यामुळे बिंदुभारांचे गणित अधिक जवळ येते.