विश्रामबाग वाड्याचे बांधकाम नेमके कधीचे? मूळ कागद कुठे शोधावेत?

प्रश्नकर्ता : जुना चौक

सप्रेम नमस्कार. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याच्या इतिहासावर दीर्घ लेख लिहिण्याची तयारी करीत आहे. दुसऱ्या बाजीरावाने शनिवारवाडा सोडून राहण्यासाठी हा वाडा बांधला आणि त्याला दोन लाख रुपये खर्च आला, एवढे सगळीकडे सारखेच सापडते. पण काळाचा मेळ बसत नाही. कुठे १८०७ दिले आहे, कुठे १८०८, तर कुठे बांधकाम सहा वर्षे चालले असे म्हटले आहे. सहा वर्षे खरी मानली, तर आरंभ १८०१-०२ मध्ये जातो. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशव्यांचा पराभव केला, बाजीराव पुणे सोडून वसईला गेला आणि मे १८०३ मध्ये परतला. मधल्या काळात वाड्याचे काम चालू होते असे मानणे मला जड जाते. छापील पुस्तके एकमेकांचाच आधार घेताना दिसतात, म्हणून मूळ कागदांकडे वळायचे आहे. मोडी जेमतेम वाचता येते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : रुमालवाचक

आपली शंका रास्त आहे. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराखेरीज, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांखेरीज, या प्रश्नाचा निकाल लागणार नाही. मात्र तेथे 'विश्रामबाग वाडा' या नावाची एखादी फाईल मिळेल ही अपेक्षा प्रथम सोडून द्यावी. कागद रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत आहेत आणि त्यांची विभागणी वास्तूंवरून केलेली नसून हिशेबाच्या व कारभाराच्या प्रकारांवरून केलेली आहे. आपल्या कामाचे दोन प्रकार आहेत : रोजकीर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च, आणि घडणी, म्हणजे रोजकीर्दीतील रकमा खातेवार काढून केलेला हिशेब. माझा अनुभव असा की घडणीपासून सुरुवात करावी, तीत इमारतीकडील खर्च पाहावा आणि रक्कम लागली की त्या तारखेची रोजकीर्द मागवावी. उलट क्रमाने गेलात तर सुतार, गवंडी आणि पाथरवट यांच्या मजुरीच्या नोंदींत महिनेच्या महिने जातील, आणि ती मजुरी शुक्रवार वाड्याची, बुधवार वाड्याची की आपल्या वाड्याची, हेही कळणार नाही. नाव शोधताना नुसत्या 'बाग' या शब्दावरही थांबत जा. कारकून रोजच्या नोंदीत पूर्ण नाव लिहीलच असे नाही.

इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड चाळायला हरकत नाही, पण त्यांचा भर मुख्यतः राजकारणावर आहे. चुन्या-विटांचा हिशेब त्यांत फारसा मिळणार नाही.

उत्तर : मृगसाल

वरील उत्तरात तारखांचा मुद्दा राहिला, आणि आपला प्रश्न तर तारखेचाच आहे. या कागदांत वर्ष शुहूर सनाचे असते आणि महिना मुसलमानी चांद्र. शुहूर वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या आरंभी सुरू होते. जून ते डिसेंबरसाठी त्यात ५९९ आणि पुढच्या महिन्यांसाठी ६०० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष अरबी अंकशब्दांत लिहिलेले असते : 'समान मयातैन व अलफ' (आठ, दोनशे व हजार) असे वाचलेत तर ते १२०८, म्हणजे जून १८०७ ते जून १८०८. १८०७ की १८०८, या वादाचा मोठा भाग मला येथेच दिसतो : एकाच शुहूर वर्षाचे दोन लेखकांनी दोन इसवी आकडे केले असणे सहज शक्य आहे.

याहून फसवी गोष्ट पुढे आहे. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे एकाच शुहूर वर्षात काही तिथी दोनदा येतात. १२०८ मध्ये ही वेळ रबिलाखर या चांद्र महिन्याच्या पहिल्या काही दिवसांवर आली आहे. 'छ ५ रबिलाखर' ('छ' म्हणजे चंद्र, चांद्र तारखेची खूण) असे लिहिलेला कागद जून १८०७ च्या मध्याचा असू शकतो, तसाच मे १८०८ च्या अखेरचाही. मी स्वतः दुसऱ्या एका वाड्याच्या दुरुस्तीचा कागद अशाच चुकीने जवळजवळ एक वर्ष अलीकडे आणून छापला होता. कागदावर वार असेल तर तो जंत्रीशी, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून देणाऱ्या कोष्टकाशी, ताडून पाहावा. नसेल तर हिशेबातील मागची-पुढची नोंद हाच आधार.

उत्तर : दुमजली

कागद पेशवाईवर थांबवू नयेत, कारण आज दिसणारा वाडा सगळा बाजीरावाचा नाही. १८२१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या पुढाकाराने येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली; तेव्हापासूनच्या दुरुस्त्या आणि फेरबदल इंग्रजी पत्रव्यवहारात शोधावे लागतील, त्यासाठी पुण्याबरोबर मुंबईचे पुराभिलेखागारही पाहावे. पुढे १३ मे १८७९ च्या रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग या दोहोंना आग लावण्यात आली. दिवस वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे असल्यामुळे सरकारने प्रकरण गांभीर्याने घेतले, त्यामुळे पोलिस आणि न्यायखात्याच्या कागदांतही वाड्याचे उल्लेख शोधण्यासारखे आहेत. सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांचे वर्णन करण्याआधी कोणता भाग आगीपूर्वीचा आणि कोणता नंतर पुन्हा उभारलेला, हे ठरवून घ्यावे.

एक किरकोळ सूचना : या आगीच्या बातमीसाठी अनेकजण 'केसरी'चे अंक मागतात. 'केसरी' १८८१ मध्ये निघाला. 'ज्ञानप्रकाश' मात्र १८४९ पासून पुण्यातच निघत होता.

प्रश्नकर्ता : जुना चौक

सर्वांचे आभार. 'केसरी'चे अंक मागण्याच्या यादीत मीही लिहिले होते, ते आता खोडले. प्रथम सन १२०८ ची घडणी मागवतो आणि तेथून एकेक वर्ष मागे जातो. इमारतीकडील मोठ्या रकमा ज्या वर्षी लागेनाशा होतील, तेथे कामाचा आरंभ धरता येईल असे वाटते. रबिलाखराच्या आरंभीच्या नोंदी तूर्त वेगळ्या वहीत उतरवून ठेवीन.