प्राइमवर पाहून झाला, तरी 'एव्हांगेलियन'च्या डिस्कची वाट का बघायची? (चर्चा, फेब्रुवारी २०२३)

शिंजीचा_मित्र (धागाकर्ता)

येत्या ८ मार्चला 'एव्हांगेलियन' या जपानी ॲनिमेच्या चौथ्या आणि शेवटच्या चित्रपटाची डिस्क '३.०+१.११' या नावाने जपानात येतेय. बरोबर दोन वर्षांपूर्वी, ८ मार्च २०२१ला, हा शेवटचा भाग तिथे थिएटरात लागला होता. त्याच वर्षी १३ ऑगस्टला तो प्राइम व्हिडिओवर आला आणि आपण सगळ्यांनी घरी बसून पाहिला. त्यामुळे सगळे विचारतात, पाहिलेल्या सिनेमाची अजून कसली वाट बघतोयस?

आपण पाहिला ती ३.०+१.०१ ही आधीची आवृत्ती होती, डिस्कवरची ३.०+१.११ तिच्या पुढची. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो थिएटरात लागला म्हणून सिनेमावरचा हात काढून घेत नाहीत. दुसरा भाग २००९ मध्ये १०८ मिनिटांचा लागला आणि २०१०ला २.२२ या नावाने डिस्कवर आला तेव्हा ११२ मिनिटांचा झाला होता. मूळ टीव्ही मालिकेचंही तेच: २१ ते २४ हे भाग टीव्हीवर दाखवले त्याहून व्हिडिओवर मोठे आहेत, आणि माझ्या ओळखीतले सगळे चाहते तेच प्रमाण धरतात. यावेळी तर '३.०(-४६h)' नावाचा नवा भागही सोबत आहे. तिसऱ्या चित्रपटात नायक शिंजी चौदा वर्षांनी जागा होतो. नावावरून (h म्हणजे तास) हा भाग त्याच्या थोडं आधीचा दिसतो, म्हणजे जे आपल्याला कधीच दाखवलं नाही त्यातलं काहीतरी.

शिवाय चित्र. सुरुवातीचं पॅरिस आठवा, सगळं शहर लाल. अशा हळूहळू बदलत जाणाऱ्या रंगांत स्ट्रीमिंगवर पट्टे दिसतात. ब्ल्यू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत वाव असतो, स्ट्रीमिंगला त्याचा एक तुकडा मिळतो. ज्यांनी वर्षानुवर्षं एकेक चौकट रंगवली, त्यांचं काम नीट बघायचं तर डिस्कच हवी. माझ्या मते हेच सिनेमाचं अंतिम रूप, आणि ज्याला परवडेल त्याने ती घ्यावी.

सह्यकडा

सहमत नाही. तुम्ही दुसऱ्या भागाचं सांगितलंत, पहिल्याचं राहिलं. तो २००७ साली लागला. २००८ला १.०१ची डीव्हीडी आली, तिचं चित्र काळवंडलेलं होतं आणि त्यावर तेव्हाच खूप तक्रारी झाल्या. २००९ मध्ये १.११ आली, उजळ आणि तीनेक मिनिटं मोठी. म्हणजे ज्यांनी धीर न धरता प्रेमापोटी आधी पैसे मोजले त्यांनी एकच सिनेमा दोनदा विकत घेतला. दिग्दर्शकाला सुधारणा कराव्याशा वाटतात हे मी समजू शकतो. पण त्याचा खर्च दर वेळी सर्वात निष्ठावान प्रेक्षकाने का सोसायचा?

दुसरं, तिसऱ्या भागाची जपानी डिस्क एप्रिल २०१३ला आली आणि अमेरिकेतली फेब्रुवारी २०१६ला. जवळजवळ तीन वर्षं! त्या काळात जपानबाहेरच्या चाहत्यांनी तो कसा पाहिला हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. ही चोरी प्रेक्षकांच्या वाईट नियतीतून आली नाही, लांबलेल्या प्रतीक्षेतून आली. त्या प्रतीक्षेचं कौतुक करणं मला पटत नाही.

तोक्योकर

इथली बाजू सांगतो. हा सिनेमा आधी जून २०२०ला यायचा होता. करोनामुळे जानेवारी २०२१वर गेला, तिथून मार्चवर. लागला तेव्हाही तोक्योत आणीबाणी चालू होती आणि रात्रीचे खेळ बंद होते. तरी जुलैपर्यंत चालला आणि १००० कोटी येनच्या पुढे गेला. जूनमध्ये थोड्या दुरुस्त्या करून ३.०+१.०१ आणला, सोबत प्रेक्षकांना एक पुस्तिका दिली. लोक पुन्हा गेले. ॲनिमेपट इथे महिनोन्महिने थिएटरात राहतात, डिस्क लवकर आली तर त्या खेळांनाच फटका बसेल. आत्ता दुकानांत आगाऊ नोंदणी चालू आहे, आणि कोणत्या दुकानात डिस्कसोबत कोणती भेट मिळणार याची चर्चा माझ्या ऑफिसात रोज ऐकतो.

चित्रवेल

माझं कारण वेगळं आहे. मी पुण्यात जपानी शिकते. बऱ्याच जपानी डिस्कवर ऐकू न येणाऱ्यांसाठी जपानी उपशीर्षकं असतात. संवाद कानाने ऐकत तोच मजकूर डोळ्यांनी वाचता येणं, याच्याइतकी चांगली शिकवणी नाही. इथल्या स्ट्रीमिंगवर ती सोय क्वचितच सापडते.

आणि सह्यकडा, २०१९ आठवा. नेटफ्लिक्सवर मूळ मालिका आली तेव्हा अनेक देशांत प्रत्येक भागाच्या शेवटचं 'फ्लाय मी टू द मून' काढून टाकलेलं होतं. उपशीर्षकंही नवी, आणि चोवीसाव्या भागातल्या शिंजी आणि त्याचा मित्र काओरू यांच्या संवादावरून केवढा वाद झाला! ज्यांच्याकडे जुन्या डिस्क होत्या त्यांच्याकडे मालिका जशी होती तशी राहिली. बाकीच्यांना जे मिळालं त्यावर समाधान मानावं लागलं. मला तरी हे फार लागलं होतं, कारण ते गाणं म्हणजे त्या मालिकेचा श्वास होता.

सह्यकडा

@चित्रवेल, गाण्याच्या बाबतीत तुमच्याशी वाद नाही, ते जायला नको होतं. पण प्राइमने त्या १३ ऑगस्टला काय केलं तेही बघा. २४०हून जास्त देश-प्रदेशांत एकाच दिवशी सिनेमा खुला झाला. ओसाकातल्या माणसाने पाहिला त्याच दिवशी सांगलीतल्या कॉलेजच्या पोराने पाहिला, शेवट कोणी फोडायच्या आत. एव्हाच्या इतिहासात आपल्या वाट्याला हे पहिल्यांदा आलं. माझ्यासाठी हे चार जादा मिनिटांपेक्षा कितीतरी मोठं आहे. डिस्क परदेशातून मागवायची, टपालखर्च द्यायचा, कस्टम्सचं बघायचं, आणि प्लेअर? ब्ल्यू-रे डिस्क आणि प्लेअर जगाच्या विभागांनुसार बांधलेले असतात; त्या वाटणीत जपान ए विभागात येतो आणि भारत सी विभागात. इथला प्लेअर ती डिस्क लावेलच असं नाही.

शिंजीचा_मित्र

विभागाचा प्रश्न खरा आहे, पण ४के अल्ट्रा एचडी या जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्कला विभागाचं बंधनच नसतं आणि यावेळी ४के डिस्क असलेली आवृत्तीही येतेय. महाग आहे हे मान्य.

मात्र पैसे कुठे जातात हेही बघायला हवं. जपानात सहसा अनेक कंपन्यांची निर्मिती समिती असते, आणि चित्रं काढणाऱ्या स्टुडिओला ठरलेली रक्कम मिळाली की त्याचा संबंध संपतो. आन्नोंनी २००६ मध्ये स्वतःचा खारा स्टुडिओ काढला आणि हे चारही चित्रपट स्वतःच्या पैशाने केले. इथे डिस्क विकली गेली तर काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याची शक्यता सर्वात जास्त. तुम्ही म्हणता निष्ठावान प्रेक्षकाने का सोसायचं. मी म्हणतो, अशा स्टुडिओसाठी नाही तर कोणासाठी?

सावळा_मेघ

दोघांचं वाचलं. २०१९ला भारतातल्या चाहत्यांनी 'वेदरिंग विथ यू' या ॲनिमेपटासाठी ऑनलाइन अर्ज केला होता, पन्नास हजारांवर सह्या झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये सिनेमा आपल्या थिएटरात लागला. तसंच डिस्कसाठी का करू नये? निदान अमेरिकेतल्या वितरकांची डिस्क इथे रीतसर विकायला हवी. डिसेंबरमध्ये एव्हा तिकडच्या थिएटरात लागला, म्हणजे इंग्रजी उपशीर्षकांची डिस्कही आज ना उद्या येईल.

सह्यकडा

सही करायची असेल तर मी थिएटरसाठी करेन. १५५ मिनिटांचा हा सिनेमा मी फक्त लॅपटॉपवर पाहिलाय. मोठ्या पडद्यावर, माझ्यासारख्याच माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये एकदा बघायचा आहे. ते मिळालं तर डिस्क नाही आली तरी चालेल.

चित्रवेल

मला नाही चालणार. थिएटरातला खेळ आठवड्यात उतरतो. मी तोक्योतल्या मैत्रिणीला नोंदणी करायला सांगितलीय, ती मे महिन्यात येताना घेऊन येईल. (-४६h) मध्ये काय आहे ते तोवर कृपया कोणी इथे लिहू नका.