मूलद्रव्य आणि अणू यांत नेमका फरक काय? लवकर सांगा

घाईतला: ऑक्सिजन मूलद्रव्य आहे ना? पुस्तक म्हणतं, मूलद्रव्यात एकाच प्रकारचे अणू. आणि इकडे ऑक्सिजनच्या एका अणूत दोन दाखवतायत! दोन आहेत तर मग ते संयुग का नाही? आज रात्रीच भाचीला समजवायचंय. व्याख्या टाकू नका, पाठ आहेत.

सुमेधा_र: 'इकडे' म्हणजे कुठे? आणि दोन काय? प्रोटॉन दोन असतील तर तो हेलियम झाला.

घाईतला: व्हिडिओत हो. दोन गोळे चिकटलेले.

अवलिया: पहिली २० मूलद्रव्यं चालीवर बसवा. मी शाळेत बसवली होती, अजून झोपेतही येतात.

सुमेधा_र: ते विचारलंय का त्यांनी?

जुनं_खोड: अणू आपल्या कणादांनी सांगितला. डाल्टनचं पुस्तक १८०८ चं.

तिरकस: कणादांचे अणू पृथ्वी, आप, तेज, वायूचे. आवर्तसारणीत ११८ घरं आहेत, त्यांत पाणी कुठंय?

गंधक: उगाच गुंता करताय. ७९ प्रोटॉनवाला अणू म्हणजे सोनं. फरक काहीच नाही.

तिरकस: एकटा अणू पिवळा दिसतो का? वितळतो का? ते गुण ढिगाचे. शिवाय 'एकाच प्रकारचे' हेही सैलच. क्लोरीनच्या काही अणूंत न्यूट्रॉन १८, काहींत २०. प्रोटॉन मात्र १७ च, म्हणून दोन्ही क्लोरीन.

घाईतला: माझे दोन गोळे राहिले बाजूला!

सुमेधा_र: व्हिडिओ हिंदी आहे का?

घाईतला: हो. त्याने काय फरक पडतो?

सुमेधा_र: तिथेच तर घोळ आहे. हिंदीतला परमाणु म्हणजे आपला अणू, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. तुमचे दोन गोळे हे दोन अणू, मिळून एक रेणू. आता 'काका' लिहा. अक्षरं किती? दोन. वेगवेगळी किती? एकच. कागदावर उमटलेला एकेक 'का' म्हणजे अणू, आणि 'का' हा प्रकार म्हणजे मूलद्रव्य. दोन वेगळी अक्षरं जुळली तरच संयुग.

घाईतला: हे आधीच सांगायचं ना!

सुमेधा_र: व्हिडिओ हिंदी आहे हे तुम्ही आधी सांगायचं ना.

अवलिया: चाल हवी असेल तर टाकतो.

घाईतला: भाचीला कळलं. म्हणते, पाणी म्हणजे 'ममता', दोन म आणि एक ता. आणि मामा, तू पण मूलद्रव्यच.